हरमलची मिरची, शुक्रवारचा बाजार

पहाटे 4.30. हरमल, पेडणे तालुका, गोवा. काकी पडवीत दाभणाने गोणीचं तोंड शिवतायत. त्याआधी मूठभर सुकी मिरची कानाशी नेऊन हलवली. बी आत खुळखुळलं की माल तयार. जास्त सुकली तर मोडते, ओली राहिली तर बुरशी धरते. दोन गोण्या मिरची आणि एक टोपली गावठी टोमॅटो. टोमॅटो लहान, पाकळ्या पाडल्यासारखे, देठाशी हिरवट.

5.45. म्हापशाची बस. चोपड्याचा पूल, पुढे शिवोली. तिकीट एकाचं, गोण्यांचं भाडं वेगळं. कंडक्टर ओळखीचा असला तरी त्यात सूट नाही.

7.00. शुक्रवारच्या बाजारात ठरलेली जागा. गोणपाट अंथरलं, ताजवा मांडला. थोड्या वेळाने सोपोवाला, म्हणजे बाजारपट्टी वसूल करणारा, येतो, पावती फाडतो. काकी ती पदराच्या गाठीत बांधतात.

8.30. "कशी दिलीस, काकी?"
"पाचशे किलो."
"ब्याडगी स्वस्त आहे."
"मग ब्याडगीच घे. रंगाला बरी. पण तिखट लागेल ती हीच."
गिऱ्हाईक अर्धा किलो घेऊन जातं. हरमलच्या मिरचीला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे काकींना ठाऊक आहे. भाव मात्र शेजारच्या गोणीकडे बघून ठरवतात.

10.15. समोर बेळगावहून आलेल्या टोमॅटोचे क्रेट. एका मापाचे, जाड सालीचे. चारचारदा हाताळले तरी तडकत नाहीत. काकींच्या टोपलीतले संध्याकाळपर्यंत फुटतात, म्हणून ते आधी खपवायचे. माशाच्या कढीला आंबटपणा हवा असलेल्या बायका तेच वेचून घेतात. दहा वाजून गेलेत, अर्धी टोपली उरली आहे.

12.30. पेज, लोणचं, एक कच्चा टोमॅटो मीठ लावून. डिचोलीकडचा एक तरुण बागायतदार शेजारी येऊन बसतो. नर्सरीतून आणलेली टोमॅटोची रोपं हिरवीगार असतानाच मरून गेली. रात्रीत माना टाकल्या.
"खोड कापून पाण्यात उभं कर," काकी म्हणतात. "दुधासारखा धागा सुटला तर मर आहे. त्या जागी पुन्हा टोमॅटो लावू नको."
जांभ्याच्या आंबट मातीत, दमट हवेत या मर रोगाचा जिवाणू वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून आता टोमॅटोचं कलम जंगली वांग्याच्या खुंटावर बांधतात. टोमॅटोला रोग झेलायची ताकद बहुतेक वेळा अशा नातेवाइकांकडूनच मिळाली आहे: पेरू, इक्वेडोरच्या डोंगरांतल्या रानटी टोमॅटोकडून. तिकडून मेक्सिको, मेक्सिकोतून युरोप असा प्रवास करताना बियाणं थोडंच निघालं, आणि माणसाच्या हाती लागलेला टोमॅटो गोत्राने फार अरुंद राहिला. म्हणून टोपलीतला हा पाकळ्यांचा टोमॅटो मला मोलाचा वाटतो.

2.45. उन्हाची वेळ, गिऱ्हाईक कमी. काकी बियाण्याचं सांगतात. टोमॅटोचं फूल बहुधा आपलं आपल्यात फळतं, त्यामुळे बी फारसं बिघडत नाही. मिरचीचं तसं नाही. मधमाशी शेजारच्या वाफ्यातले परागकण घेऊन येते. म्हणून बियांसाठी वाफ्याच्या मधल्या झाडांची फळं राखायची, कडेची नाहीत. झाड रोगट नको, फळ पहिल्या तोडीचं नको. सासूबाईंनी असंच राखलं. बियाण्यासारखंच वाळवणीचंही शास्त्र आहे. हिरव्या मिरचीत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं; वाळवताना त्यातलं बरंचसं जातं, लाल रंगासोबतचं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य बऱ्याच अंशी टिकतं. काकींना वाळवणीचे दिवस आणि रंग कळतो, तेवढ्यावर त्यांचं काम भागतं.

5.00. नऊ किलो मिरची गेली, साडेचार हजार. टोमॅटोचे पैसे वेगळ्या पिशवीत. उरलेले फुटके चार टोमॅटो त्या समोरच्या क्रेटवाल्याला देतात, तो मूठभर कोथिंबीर देतो.

8.00. हरमल. सकाळीच बाजूला ठेवलेले, सगळ्यात चांगले पाच टोमॅटो काकी आता हातात घेतात. विकायला नेलेच नव्हते. चिरून गर आणि बिया वाडग्यात पिळल्या. बियांभोवतीचा बुळबुळीत थर त्यांना रुजू देत नाही. दोन-तीन दिवस आंबून वर साय धरली की तो सुटतो. मग धुवायच्या, राखेत चोळायच्या, सावलीत वाळवायच्या. वाडग्यावर त्यांनी फडकं बांधलं. आजच्या पैशांतले हजार रुपये डब्यात वेगळे ठेवले, उद्या मिरची तोडायला येणाऱ्या दोन बायकांच्या मजुरीचे.