नाद करा, पण दमानं!

पन्हाळा झाला, जोतिबा झाला, गगनबावडा तर रविवारचा नेमच. मग पुढं काय? सायकल मारणाऱ्या कोल्हापुरी पोरांच्या डोक्यात इथं एकच नाव येतं : मनाली ते लेह. साधारण पावणेपाचशे किलोमीटर, वाटेत रोहतांग, बारालाचा, नकी, लाचुंग आणि टांगलांग अशा पाच खिंडी. शेवटची टांगलांग ला तर ५,३२८ मीटरवर. ‘चालतंय की, मारूया!’ म्हणायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात बसवायला हवी. तिथं पाय कमी पडत नाहीत, हवा कमी पडते.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. पन्हाळ्याला जाताना आपण अजून ४०० मीटर चढतो, तेवढ्यात घाम निघतो. टांगलांगच्या माथ्यावर मात्र एका श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो. त्याची तयारी तालमीत होत नाही आणि घाटातही होत नाही. विरळ हवेचा त्रास कुणाला होईल, हे फिटनेसवरून ठरत नाही. उलट दमदार गडीच जास्त सापडतो. कारण अंगातली रग त्याला भराभर वर नेते आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

डोकं दुखतंय? सांगून टाका

सुरुवात साधी असते. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, झोप लागत नाही. ‘पोरं हसतील’ म्हणून एखादी गोळी घेऊन पुढं दामटणं, हीच खरी धोक्याची गोष्ट. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर वेळ घालवायचा नाही. मिळेल त्या गाडीतून त्याला लगेच खाली न्यायचं, सोबत एकानं जायचंच. फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आली तर जीवावर बेततं.

नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम करावा. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर आहे आणि सरचू ४,२०० च्या पुढं. जीपवाले हे अंतर एका दिवसात उरकतात. सायकलवाल्याला मात्र पत्सेओसारख्या ठिकाणी थांबत, सावकाश जाता येतं. आपली गाडी हळू चालते, तेच इथं औषध.

सरचूची गंमत वेगळीच. मागं बारालाचा, पुढं नकी आणि लाचुंग. म्हणजे इथं त्रास वाढला, तर खाली उतरायलाही आधी खिंड चढावी लागते. त्यामुळं ‘पुढं जायचं की नाही’ याचा फैसला बारालाचाच्या अलीकडंच करायचा.

घाट काय शिकवतात?

मग पन्हाळा वाया गेला का? अजिबात नाही. दहा-पंधरा किलोचं सामान बांधून सकाळी दोनदा पन्हाळा चढून बघा. हलक्या गिअरवर, शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशा वेगानं. हाच वेग पुढं गाटा लूप्सच्या २१ वळणांवर कामाला येतो. पावसात राधानगरी-फोंडा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून न ठेवता थांबून थांबून लावायला शिका. पंक्चर काढणं आणि तुटलेली चेन जोडणं स्वतःला जमलंच पाहिजे, कारण वाटेत मैलोन्‌मैल दुकान नाही, मोबाइलला रेंजही नाही.

आणखी एक. ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचं पाणी दुपारी वाढतं. म्हणून नाले सकाळीच ओलांडायचे. तंबूतल्या ढाब्यावर गरम राजमा-भात मिळाला, तर भूक नसली तरी चार घास खायचे आणि पाणी पीत राहायचं. औषधं मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

लेहला पोहोचल्याचा फोटो ग्रुपवर पडला की शंभर अंगठे येतात. कुणी पत्सेओहून शहाणपणानं माघारी फिरला, तर त्याच्याही मेसेजवर तेवढेच अंगठे पडले पाहिजेत. खिंड पुढच्या वर्षीही तिथंच असते, भावांनो.