नवा एचडी डबा : घरात काय येऊ द्यायचे?

उलव्यात नव्या इमारतीत राहायला येणाऱ्या कुटुंबाची पहिल्या महिन्यातली खरेदी बहुतेक ठरलेली असते. पाण्याचा फिल्टर, खिडक्यांना डासांची जाळी आणि गच्चीवर छत्री. नेरुळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंतची लोकल 11 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये ती उरणपर्यंत गेली आणि त्याच महिन्यात अटल सेतूही झाला. तेव्हापासून आमच्यासारखी कितीतरी घरे मुंबईच्या गल्ल्यांतून आणि कोकणच्या गावांतून इकडे आली. जुन्या वस्तीत केबलवाला ओळखीचा असायचा. काही बिघडले की मुलाला पाठवून त्याला बोलावता यायचे. इथे तो नाही. इथे टीव्ही आकाशातून येतो.

आकाशातून म्हणजे नेमका कुठून, हे समजून घेतले की पुढचे बरेच भांडण वाचते. डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर असतात. पृथ्वी ज्या गतीने स्वतःभोवती फिरते त्याच गतीने तेही फिरतात, म्हणून आपल्याला ते एकाच जागी थांबल्यासारखे असतात. दूरदर्शनची डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. नवी मुंबई आहे 73 अंशांवर. त्यामुळे इथली छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसवावी लागते. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला. नमाजसाठी किब्ल्याची दिशा शोधावी लागत नाही, खिडकीकडे तोंड करून किंचित उजवीकडे वळले की झाले. छत्रीला मात्र ती खिडकी निरुपयोगी. मग सोसायटीच्या गच्चीची परवानगी, त्यासाठी सेक्रेटरीसाहेबांना अर्ज, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार नाही अशी लेखी हमी. छत्री जमिनीत न गाडता सिमेंटच्या वजनी ठोकळ्यावर बसवता येते. बसवणाऱ्याला हे आधीच सांगावे, कारण त्याच्या हातात ड्रिल तयारच असते.

एचडी म्हणजे काय, हेही थोडक्यात. साध्या चित्रात 720 गुणिले 576 ठिपके असतात, एचडी चित्रात 1920 गुणिले 1080. म्हणजे बरोबर पाच पट. पण हे पाच पट चित्र टीव्हीपर्यंत पोचवायला डब्यामागे एचडीएमआयची वायर लागते. अनेक घरांत डबा नवा येतो आणि वायर तीच जुनी लाल, पांढरी, पिवळी राहते. पैसे एचडीचे आणि चित्र साधे. आमच्या मजल्यावरच अशी दोन घरे निघाली. दुसरी गोष्ट अम्मींच्या लक्षात आली. जुन्या मालिका लावल्या की सगळी माणसे जाडजूड दिसत होती. जुने चित्र चार बाय तीनचे, नवा पडदा सोळा बाय नऊचा, आणि डबा ते ओढून ताणून बसवतो. सेटिंगमध्ये एक बटण बदलले आणि जुने नट पुन्हा सडपातळ झाले.

पावसाळ्याचेही सांगून टाकतो. डीटीएच ज्या लहरींवर येतो त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि मोठ्या सरी त्या शोषून घेतात. जुलैत खाडीवरून काळे ढग आले की पडद्यावर आधी चौकोन, मग ‘सिग्नल नाही’. कंपनीला फोन करून उपयोग नाही. पाऊस ओसरतो, चित्र येते.

आता खरा मुद्दा. डबा बसवून गेलेल्या माणसाने कंपनीचा एक ‘फॅमिली’ पॅक चालू करून दिला. त्यात कोणत्या वाहिन्या आहेत हे आम्हाला कोणी विचारले नाही. त्यात हिंदी बातम्यांच्या वाहिन्यांची मोठी रांग होती. अब्बा निवृत्त आहेत. गावच्या घरी त्यांना ओटा होता, ओट्यावर चार माणसे होती. इथे अकराव्या मजल्यावर ओटा नाही. सकाळच्या चहापासून रिमोट त्यांच्या हातात, आणि एचडीच्या मोठ्या पडद्यावर सहा-सहा चेहरे एकाच वेळी ओरडताहेत. खाली लाल पट्टी, वर लाल पट्टी. विषय कधी मदरसा, कधी लाउडस्पीकर, कधी लोकसंख्या. जेवताना आमच्या चौथीतल्या मुलीने विचारले, “मम्मी, हे लोक आपल्याबद्दल बोलताहेत का?”

या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी किती घरांत कोणी कोणी दिले असेल! 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदीत घरात बसून आपण सगळ्यांनीच तबलिगी जमातीबद्दलचे प्रक्षेपण पाहिले आहे. त्याच वर्षी 21 ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मरकजला आलेल्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले. वृत्तपत्रे आणि वाहिन्यांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, असे न्यायालयाने निकालात स्पष्ट नोंदवले. त्या निकालावर रात्री नऊच्या चर्चा रंगलेल्या आम्हाला तरी आठवत नाहीत. प्रचार दिवाणखान्यात आला आणि निकाल वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर.

तेव्हा आम्ही घरात एक बैठक घेतली. अब्बांचे म्हणणे होते, “आपण बघितले नाही म्हणून ते बोलायचे थांबणार आहेत का? आपल्याबद्दल काय बोलले जाते हे माहीत असायला हवे.” हे म्हणणे हलके नाही. डोळे मिटून घेतलेल्या समाजाला उद्या नोकरीच्या मुलाखतीत किंवा भाड्याच्या घराच्या दारात धक्का बसतो. अम्मींचे उत्तर दोन शब्दांचे. “पेपर वाचा.” माहिती आणि ओरडा यांत फरक आहे, आणि ओरड्यासाठी आपण दर महिन्याला पैसे का भरायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आम्हाला तो पटला.

कारण पैसे खरोखर आपण भरतो. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या नव्या नियमांनी प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी जाहीर करणे बंधनकारक झाले आणि ग्राहकाला एकेक वाहिनी निवडण्याचा हक्क मिळाला. सुरुवातीला 100 वाहिन्यांना 130 रुपये अधिक कर असे मूळ शुल्क होते, 2020 मध्ये त्याच रकमेत 200 वाहिन्या आल्या. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही शुल्कमर्यादा काढली, त्यामुळे आता कंपनीनुसार फरक पडतो. पण निवडीचा हक्क कायम आहे. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा फोनवर सांगून पॅक मोडता येतो. फोनवरचा मुलगा तीन वेळा “सर, पॅक स्वस्त पडेल” म्हणेल. काही वेळा ते खरेही असते. पंधरा नको असलेल्या वाहिन्यांसह पॅक स्वस्त आणि हव्या त्या आठ वेगळ्या घेतल्या तर महाग, असा हिशेब आमच्याकडेही निघाला. आम्ही महिन्याला 40 रुपये जास्त देतो आणि समाधानाने देतो. बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्या फुकट असतात हेही लक्षात ठेवा. त्या किमतीने जात नाहीत, डब्यातल्या ‘लॉक’ने जातात. चार अंकी पिन टाकली की त्या क्रमांकावर पडदा बंद.

पिन कोणाकडे असावी यावर मात्र आम्ही नमते घेतले. अब्बांच्या घरात अब्बांवर कुलूप, हे आम्हाला बरे वाटेना. पिन त्यांच्याकडेच दिली. त्यांनी मुली शाळेतून यायच्या वेळेपासून त्या झोपेपर्यंत कुलूप ठेवायचे कबूल केले आणि ते शब्दाला पक्के आहेत. दुपारी ते काय बघतात हे आम्ही विचारत नाही. शिवाय त्यांच्या फोनवर यूट्यूब आहेच, तिथे कोणता डबा आडवा येणार?

सह्याद्रीच्या मराठी बातम्या राहिल्या. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले तेव्हा अब्बा शाळेत होते. ही वाहिनी त्यांना घरातल्या माणसासारखी आहे. 2006 च्या 15 ऑगस्टला सुरू झालेली डीडी उर्दू अम्मींसाठी राहिली. मुली मराठी माध्यमात शिकतात. त्यांना अम्मींचे मुशायरे अर्धेच कळतात, पण “दादी, याचा अर्थ काय?” असे विचारत त्या शेजारी बसतात. एवढ्यासाठी तरी तो डबा आम्हाला महाग वाटत नाही.

डब्याचा सर्वात मोठा उपयोग मात्र आम्हाला रमजानमध्ये कळला. मागे पेनड्राइव्ह लावला की चालू कार्यक्रम थांबवता येतो आणि नंतर तिथूनच पुढे पाहता येतो. 9 मार्च 2025, चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना, दुबईत भारत विरुद्ध न्यूझीलंड. आठवा रोजा. न्यूझीलंडच्या 251 धावा झाल्या आणि भारताची फलंदाजी नेमकी इफ्तारच्या तोंडावर सुरू झाली. पावणेसातच्या सुमारास अजान, मग मगरिब, मग जेवण, मग इशा आणि तरावीह. पूर्वी अशा दिवशी घरातली पोरे खजूर तोंडात आणि नजर पडद्यावर अशी बसायची आणि मोठी माणसे त्यांना दटावत स्वतःही तिरपे बघायची. या वेळी अब्बांनीच बटण दाबले. रोहित शर्मा पडद्यावर बॅट उचलून गोठला. सगळ्यांनी शांतपणे रोजा सोडला.

फजिती वेगळीच. आम्ही सामना पुन्हा चालू केला तेव्हा बाकीची इमारत अर्धा तास पुढे होती. आमच्या पडद्यावर गोलंदाज धावत यायचा आणि वरच्या मजल्यावर आधीच कुठल्या तरी विकेटची हळहळ. भारताने 49 व्या षटकात 6 बाद 254 करून करंडक जिंकला. ते आम्हाला फटाक्यांनी आधी सांगितले आणि पडद्याने नंतर. तरीही मुलींनी शेवटचा चौकार पूर्ण उत्साहाने साजरा केला.

त्याच स्पर्धेत 4 मार्चच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमीने मैदानात पेय घेतले, त्यावरून एका मौलानांनी टीका केली आणि वाहिन्यांना अनेक दिवसांचे खाद्य मिळाले. प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, हे आपल्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला माहीत असते. ती साधी बाब सांगायला अर्धा मिनिट पुरला असता. आमच्या घरी संध्याकाळी त्या वाहिन्यांना कुलूप होते. मुलींना तो वाद शाळेत कळला आणि त्यांनी तो घरी येऊन अब्बांना विचारला. अब्बांनी सफरचा मसला समजावून सांगितला, वर शमीच्या गोलंदाजीबद्दल पंधरा मिनिटे जास्त बोलले.

एखाद्या बातमीने खरेच दुखावले असेल तर तक्रारीचा मार्ग आहे, तोही वापरावा. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेचे एनबीडीएसए हे प्राधिकरण सदस्य वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकते. प्रक्षेपणानंतर सात दिवसांच्या आत आधी वाहिनीला लेखी कळवावे लागते. तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचे नाव टिपून ठेवावे. डब्याच्या माहितीच्या पट्टीवर हे तिन्ही दिसते, त्याचा फोटो काढला तरी चालतो.

उरलेल्या दोन व्यावहारिक बाबी. पेनड्राइव्हवरचे आमचे रेकॉर्डिंग फक्त आमच्याच डब्यावर चालते, बहिणीकडे नेऊन दाखवता येत नाही. आणि टीव्ही बंद केला तरी डबा जागा असतो. दहा वॅटचा डबा दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला 7.2 युनिट वीज खातो. झोपताना मागचे बटण बंद करायचे काम धाकटीकडे आहे.

वाहिन्यांची यादी आम्ही दर तीन महिन्यांनी फ्रिजवर लावतो. ज्याला जे नको त्यापुढे त्याने फुली मारायची, हवे असेल तिथे बरोबरची खूण. या वेळी अब्बांनी एका क्रीडा वाहिनीपुढे दोन खुणा केल्या आहेत. मोठ्या मुलीने कार्टूनवर फुली मारून प्राण्यांची वाहिनी मागितली आहे. धाकटीने ती फुली खोडून काढली आहे. रिचार्ज 17 तारखेला संपतो, तोपर्यंत वाटाघाटी चालू राहतील.