कांदोळीसमोरचं पाणी

गणपती झाले की गोव्याचा समुद्र निवळतो. 31 जुलैला मासेमारीबंदी संपून बोटी केव्हाच बाहेर पडलेल्या असतात. वरून सगळं आलबेल, पण किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की तळाशी श्वास घ्यायला प्राणवायू उरलेला नसतो.

कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 1997 पासून एकाच ठिकाणचं पाणी मोजत आले आहेत. त्याच टापूत, सप्टेंबरात, हे काम मी जवळून पाहिलं. खोली जेमतेम 25 मीटर. दोन्ही तोंडं उघडी असलेली नळकांडी तारेवर खाली सोडायची आणि मागून एक पितळी वजन. ते आदळलं की झाकणं मिटतात. तारेला हात लावून ठेवला तर तो ठोका बोटांना कळतो. नळकांडं वर आलं की घाई सुरू. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवून पाणी भरायचं, भरपूर ओसंडू द्यायचं. हवेचा बुडबुडा राहिला तर मोजणी फुकट. मग मँगनीज क्लोराइड, पाठोपाठ अल्कलीयुक्त आयोडाइड, बूच लावून हलवायचं. ही विंकलरची 1888 ची रीत अजून कुणी टाकून दिलेली नाही. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. वरच्या पाण्याचा गडद तपकिरी झाला, मधल्याचा फिकट. तळाच्या बाटलीत तो पांढराच राहिला, आणि त्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास होता.

हा गटाराचा प्रताप नव्हे. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याच्या जागी खोलवरचं गार पाणी चढतं. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरच्या दरम्यान प्राणवायू जवळपास नसलेला अवाढव्य थर आहे. चढणारं पाणी त्याच्या वरच्या काठाचं, म्हणून त्यात प्राणवायू मुळातच कमी; नायट्रेट, फॉस्फेट मात्र भरपूर. उजेड मिळताच सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि तारली, बांगडे त्यावर पोसले जातात. पावसाळ्यानंतर बाजारात येणाऱ्या मासळीमागे हे पाणी आहे. पण त्याच वनस्पती मरून तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायू संपवतात. वर नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं पसरलेलं, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. तळाच्या जिवांनी उथळ पाणी गाठायचं, नाहीतर मरायचं.

प्राणवायू संपत आला की जिवाणू नायट्रेटवर जगू लागतात आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो. वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर'मध्ये या किनाऱ्यावरच्या मोजण्या मांडल्या. जमिनीवरून वाहून येणारं खतही याला हातभार लावत असावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हिवाळ्यात प्रवाह उलटतो. बंगालच्या उपसागराकडचं कमी खारं पाणी उत्तरेकडे येतं, खालचं पाणी पुन्हा उतरतं, तळाला प्राणवायू मिळतो.

मच्छीमारांना हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रमाहिती केंद्राकडून मासळी कुठे मिळेल याचा सल्ला मिळतो. पण उपग्रहाला दिसतं पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग. 20 मीटरवरचा प्राणवायू कळायला बोट, तार आणि पुन्हा पुन्हा तिथे जाणारी माणसंच लागतात. मासळी घटली की ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांवरून भांडणं होतात, ती व्हायलाच हवीत. त्या बैठकांत तळाच्या पाण्याचे आकडेही कुणीतरी मागायला हवेत.