समुद्रातल्या हायड्रोजनचं सांडपाणी

फ्रान्सच्या ल क्रोआझिक किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, तरंगत्या पवनचक्कीजवळ, 'सीलाइफ' या १ मेगावॉटच्या यंत्रणेनं जून २०२३ मध्ये भर समुद्रात हायड्रोजन तयार केला. धूर नाही, राख नाही. पण सांडपाणी आहे.

एक किलो हायड्रोजनसाठी किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागतं. ते समुद्राच्याच पाण्यातून काढायचं, म्हणजे मागे उरतं जास्त खारट, जड पाणी. ते तसंच सोडलं तर तळाशी बसतं आणि पहिला फटका तळाशी राहणाऱ्या जीवांना बसतो. तरी माझ्या मते मिठापेक्षा उष्णतेची काळजी मोठी. त्याच किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते. तिचा साधारण पाव भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, बराचसा शीतकरणाच्या पाण्यातून समुद्रात. उत्तर समुद्राच्या खोल भागात उन्हाळ्यात कोमट आणि थंड पाण्याचे थर वेगळे होतात, तळाला प्राणवायू कमी पोचतो. शेकडो मेगावॉटचे प्रकल्प तिथं उभे राहण्याआधी या थरांवरचा परिणाम मोजायलाच हवा.

गळतीही रोखायला हवी. निसटलेला हायड्रोजन हवेतल्या मिथेनचं आयुष्य वाढवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापवणारा परिणाम, किलोला किलो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ११ पट भरतो.