पवनचक्कीचा पाया आणि एका सेकंदाचा भूकंप

सातारा जिल्ह्यात पाटणजवळ वनकुसवड्याचे पठार आहे. तेथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. याच कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला होता. पवनचक्क्या नंतर आल्या. पण त्या पाहताना मनात प्रश्न येतोच : जमीन पुन्हा हादरली, तर एवढे उंच मनोरे उभे राहतील का?

सह्याद्रीचा खडक कठीण आहे. त्यावर पाया पक्का बसतो. परंतु पुष्कळ पवनचक्क्या समुद्रकिनारी, काही तर समुद्रातच उभ्या कराव्या लागतात, कारण तेथे वारा भरपूर असतो. खरी भीती तेथल्या ओल्या वाळूची आहे. एरवी वाळूचे कण एकमेकांना टेकून वजन पेलतात. भूकंपात ते हलतात व जवळ येऊ पाहतात. मधल्या पाण्याला निघून जायला वेळ मिळत नाही. पाण्याचा दाब वाढतो आणि कणांची पकड सुटते. मग वाळू काही वेळ चिखलासारखी पातळ होते. १९६४ साली जपानमधील निईगाता शहरात असेच घडले. तेथील काही इमारती न मोडता कलल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली!

पवनचक्की नुसती कलली, तरी तिचे काम बिघडते. १०० मीटर उंचीचा मनोरा केवळ अर्धा अंश कलला, तर त्याचे टोक सुमारे ८७ सेंटिमीटर बाजूला जाते. शिवाय भूकंपानंतरच दवाखान्यांना विजेची फार गरज असते.

मग पाया आधी तपासायचा कसा? खरी पवनचक्की उभारून भूकंपाची वाट पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ लहान प्रतिकृती करतात. पण येथे एक अडचण आहे. वाळूचे बळ तिच्यावर किती भार आहे, यावर अवलंबून असते. वीस मीटर खोल वाळूवर वरच्या थराचे प्रचंड ओझे असते. पेटीतल्या चाळीस सेंटिमीटर वाळूवर ते कोठून येणार?

जत्रेत किंवा उरुसात गोल फिरणाऱ्या पाळण्यात तुम्ही बसला असाल. पाळणा वेगाने फिरला की आपण बाहेरच्या बाजूला दाबले जातो. हीच युक्ती येथे उपयोगी पडते. १८६९ साली एदुआर फिलिप्स या फ्रेंच अभियंत्याने ही कल्पना मांडली. पुढे केंब्रिज विद्यापीठात अँड्र्यू स्कोफिल्ड यांनी ती खूप विकसित केली. मुंबईत पवईच्या आय. आय. टी. मध्येही असे अपकेंद्री यंत्र आहे. त्याचा हात ४.५ मीटर लांब आहे. एवढा हात मिनिटाला सुमारे १०० वेळा फिरला, की टोकाच्या पेटीतील प्रत्येक वस्तू पन्नास पट जड होते. आता पन्नासपट लहान प्रतिकृतीतील वाळूला खऱ्या जमिनीइतकाच भार जाणवतो. ५०० टन वजनाच्या पवनचक्कीसाठी ४ किलोची प्रतिकृती पुरते.

पेटी अशी गरगर फिरत असतानाच तिला खालून हादरे देतात. मात्र येथे काळही आखडतो. पन्नास सेकंदांचा भूकंप एका सेकंदात उरकावा लागतो! साधे पाणी लहान पेटीतून फारच लवकर निघून जाईल, म्हणून त्याऐवजी पन्नासपट दाट द्रव घालतात. पेटीच्या भिंतीही अखंड नसतात. एकावर एक ठेवलेल्या, सरकणाऱ्या चौकटींच्या त्या बनवतात, म्हणजे वाळूला जमिनीसारखे डोलता येते. मला तर या तयारीचेच अधिक नवल वाटते. एका सेकंदासाठी कित्येक दिवस खपावे लागते.

अशा प्रयोगांतून पुष्कळ कळले. सैल ओल्या वाळूत पाया खचतो. वाळू आधी ठोकून घट्ट केली, तर कमी खचतो. हादऱ्यांच्या वेळी वारा एका बाजूने ढकलत असेल, तर मनोरा प्रत्येक हादऱ्यागणिक त्याच बाजूला थोडा थोडा कलत जातो. म्हणून काही प्रयोगांत प्रतिकृतीला दोरीने आडवा ताणही देतात.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भीषण भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. कामिसू येथे किनाऱ्यालगत समुद्रात सात पवनचक्क्या होत्या. त्यांचे पाये म्हणजे तळात खोल रोवलेले जाड पोलादी नळ होते. लाटा ओसरल्या, तेव्हा सातही पवनचक्क्या उभ्या होत्या.