चालणे आणि वजनाचा काटा

पोट सुटू लागले की पुष्कळ गृहस्थ प्रथम बूट खरेदी करतात. पहाटे नेहरू पार्कात फेऱ्या सुरू होतात. महिना लोटतो, काटा जागचा हलत नाही आणि बूट पलंगाखाली जातात. यात दोष चालण्याचा नसतो. हिशेब ठाऊक नसतो, एवढेच.

तो हिशेब असा. सत्तर किलो वजनाचा मनुष्य ताशी पाच किलोमीटर वेगाने अर्धा तास चालला, तर स्वस्थ बसण्यापेक्षा सुमारे ९० उष्मांक अधिक खर्ची पडतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे आहार तोच ठेवून रोज अर्धा तास चालल्यास एक किलो उतरावयास जवळजवळ तीन महिने हवेत! त्यातून बागेतून निघालेली पावले पोहे-जिलेबीच्या दुकानाकडे वळली (आणि इंदुरात ती वळतातच), तर खर्चापेक्षा जमाच अधिक. वजन उतरावयाचे ते मुख्यतः ताटातून, हे कबूल केले पाहिजे.

मग चालावे तरी कशाला, असे कोणी विचारील. यासंबंधी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. चालक दिवसभर बसून, तर वाहक सारखा जिना चढउतार करणारा. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखविले की, वाहकांत हृदयविकार चालकांहून कमी होता. १९५६ साली त्यांनी गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारी कमरेत मोठ्या निघाल्या. स्थूल माणसेच मुळात चालक होत असतील, अशी रास्त शंका त्यावरून निघाली. परंतु हालचालीने हृदयाचे रक्षण होते, हे पुढील अनेक पाहण्यांतून दिसून आले.

शिवाय नियमित व्यायामाने पोटातील चरबी, वजन फारसे न घटताही, कमी होऊ शकते. आणि उतरलेले वजन पुन्हा चढू नये म्हणून तर चालणे फारच उपयोगी. यास्तव काट्याबरोबर शिंप्याची फीतही घरी ठेवावी. भारतीयांत पुरुषांची कंबर ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे मानतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, हा वेग योग्य. फळ्यापुढे उभे राहणे यात धरू नये, हे आम्हा शिक्षकांसही लागू आहे. ‘घरकामातच बायकांचा व्यायाम होतो’ असे म्हणणाऱ्या पतिराजांनी सकाळचा चहा स्वतः करून पत्नीला अर्धा तास मोकळा करून द्यावा. दहा हजार पावलांचा आग्रह मात्र नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानात निघालेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. छातीत दुखले वा चक्कर आली, तर तेथेच थांबून डॉक्टरांस दाखवावे. आणि मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांनी त्यांच्या सल्ल्यानेच आरंभ करावा.