टॅबच्या काचेवर ओरखडे कशाने पडतात?



टॅबवर लिहायला जे पेन मिळते त्याला स्टायलस म्हणतात. 'पेनने लिहिलं की काच खरवडणार' अशी भीती पुष्कळांना वाटते. म्हणून मग टॅब कपाटात आणि पेन डब्यात पडून राहते. ही भीती कितपत खरी आहे, ते आज पाहू.

आधी आपली पाटी आठवा. पाटीवर पेन्सिलीची पांढरी रेघ उठते, तेव्हा पाटी खरवडली जाते का? नाही. पेन्सिल पाटीपेक्षा मऊ असते. ती स्वतः झिजते आणि तिची पूड पाटीला चिकटते. ओले फडके फिरवले की पाटी पुन्हा कोरी! पण त्याच पाटीवर खिळ्याने रेघ ओढली तर ती कायमची राहते. म्हणजे नियम असा की, कठीण वस्तू मऊ वस्तूवर ओरखडा काढते. मऊ वस्तू कठीण वस्तूवर काढू शकत नाही.

फ्रेडरिक मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांना कठीणपणाचे १ ते १० असे क्रमांक दिले. सर्वांत मऊ शंखजिरे, त्याचा क्रमांक १. सर्वांत कठीण हिरा, त्याचा १०. आपले नख साधारण अडीच. काच साडेपाच ते सहाच्या आसपास. आणि गारगोटी ७!

आता पेनाचे टोक पाहा. ते रबराचे किंवा प्लॅस्टिकचे असते. दोन्ही काचेपेक्षा कितीतरी मऊ. स्वच्छ टोकाने स्वच्छ काचेवर लिहिले तर पाटीवरच्या पेन्सिलीसारखे टोकच झिजते, काच नाही.

मग ओरखडे येतात कुठून? खरा चोर आहे धूळ! वाळूत आणि रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. असा एक कण पेनाच्या टोकाखाली सापडला की टोक त्याला काचेवरून घासत नेते. नाव पेनाचे होते, काम मात्र वाळूचे. रबरी टोकात तर कण रुतून बसतो आणि प्रत्येक अक्षराबरोबर रेघ ओढतो.

दुसरी गोष्ट दाबून लिहिण्याची. वहीवर गिरवायची सवय असते, म्हणून पुष्कळ मुले टॅबवरही जोर लावतात. पण अक्षर जोराने उमटत नाही. काचेखाली विजेचे बारीक जाळे असते. बोट किंवा पेनाचे टोक टेकले की त्या जाळ्याला जागा कळते. हलका स्पर्श पुरतो. जोराने टोक लवकर झिजते, आणि खाली कण असलाच तर ओरखडा खोल जातो.

तेव्हा एवढे पाळू या :

१) लिहिण्याआधी हात धुऊन कोरडे करावेत. मैदानावरून थेट टॅबकडे येऊ नये.

२) मऊ, कोरड्या, धुतलेल्या सुती फडक्याने आधी धूळ अलगद झटकावी, मग काच पुसावी. पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसू नये, त्यात धूळ असते. आणि पाटीसारखी थुंकी तर मुळीच नको, बरं का!

३) पेनाचे टोकही पुसावे. चिरलेले किंवा झिजलेले टोक लगेच बदलावे.

४) पेन नाही म्हणून बॉलपेन किंवा कर्कटक वापरू नये. बॉलपेनच्या टोकाची गोळी बहुधा टंगस्टन कार्बाइडची असते. ती काचेहून कितीतरी कठीण.

५) टॅब दप्तरात कंपासपेटी आणि किल्ल्यांबरोबर सुटा ठेवू नये. पिशवीत घालून ठेवावा.

६) काचेवर स्क्रीन गार्ड लावून घ्यावे. ओरखडा त्याच्यावर पडतो, खालची काच वाचते. ते बदलता येते. मात्र खरखरीत गार्डावर पेनाचे टोक लवकर झिजते.

७) ओरखडा पडलाच तर राख किंवा दंतमंजन चोळू नये. राखेत खरखरीत कण असतात, म्हणून तर तिने भांडी निघतात. टॅबची काच मात्र त्याने आणखी बिघडते.

करून पाहा : काचेची एक जुनी, न फुटलेली बाटली घ्या. तिच्यावर आधी प्लॅस्टिकचा कंगवा घासा. मग चिमूटभर वाळू ठेवून त्याच कंगव्याने हलकेच घासा. बाटली धुऊन उजेडात धरा. दोन जागांतला फरक दिसेल. प्रयोग मोठ्या माणसांसमोरच करावा, आणि टॅबवर अजिबात नाही!

पालकांना विनंती अशी की, ओरखड्याच्या भीतीने पेन काढून घेऊ नका. मुलांच्या हाती पेनाबरोबर एक स्वच्छ फडकेही द्या. लिहिल्याने अक्षर सुधारेल आणि पुसल्याने काच टिकेल.